अर्धा क्लच

ग्वाल्हेरच्या मेळ्यात कर अर्धा,
म्हणून यांनी मोटरसायकल घेतली.
चैत्रात गुडघ्याने नकार दिला.

आता ओसाड मेळा मैदानात
पाळण्याचे खड्डे चुकवत
मी. पहिला गिअर. धक्का. बंद.
पुन्हा बंद.

भाची केतकी चपला हातात घेऊन शेजारी धावते:
"मावशी, क्लच सोडायचा नाही गं,
सैल करायचा."
मला दोनच गोष्टी येतात,
आवळणं आणि सोडून देणं.

सातव्यांदा गाडी थरथरते,
बंद मात्र पडत नाही.
डाव्या बोटांना आधी कळतं.
दूरचा किल्ला सरकू लागतो,
केतकी मागे राहते.

फाटकाशी कशीबशी थांबते
आणि एक-दोनच्या मध्ये न्यूट्रल शोधत बसते,
पर्सच्या तळाशी सुट्टे शोधावेत तशी.
मागून टेम्पोवाला हॉर्न देतो.
देऊ दे.