लांडग्यांची दहा कातडी

बुखारेस्टात, पेट्रोलपंपामागच्या इमारतीत,
चौथ्या मजल्यावर आम्ही अठ्ठावीस जण
दुसऱ्यांचे गेम मोडून पाहतो.
मोडलं की लिहायचं : कुठे, कसं, किती वेळा.
त्याचाच पगार.

मुख्य कथा वरच्या मजल्यावर.
तिथे द्रागोश आणि त्याची माणसं
राजाचा मृत्यू तपासतात, राणीचं गुपित,
काळ्या मनोऱ्यातला शेवटचा सर्प.
त्यांच्या दाराला कुलूप, खिडकीला पडदा,
कॉफीचं यंत्रसुद्धा निराळं.
आमच्याकडे किरकोळ कामं.
लांडग्यांची दहा कातडी आण.
पाच मशरूम आण. हे पत्र गिरणीवर पोचव.
गिरणीवाला म्हणतो, बरं झालं आलीस,
आता हे परत ने.

मी सोरिना. माझ्या वाट्याला लांडगे.
सप्टेंबरपासून दळतेय.
जातं तेच, दाणे तेच,
पीठ कुणाच्या घरी जातं माहीत नाही.
मारल्यावर अकरा मिनिटांनी लांडगा
त्याच खडकामागून पुन्हा निघतो,
डावा पाय किंचित ओढत.
मी त्याचं नाव गिट्सा ठेवलंय.
ये रे माझ्या मागल्या,
आणि तो येतो.

राजा वेशीवर उभा आहे, जखमी.
"घाई कर, सूर्योदयापर्यंतच वेळ आहे."
मी म्हणते, आलेच,
आणि तीन आठवडे मशरूम वेचते.
सूर्य उगवतो, उगवतो, उगवतच राहतो.
राजाचं रक्त तेवढंच. वाक्यही तेच.

मग नदीच्या वळणावर ती मुलगी भेटली.
सात-आठ वर्षांची, एकाच पायात बूट
(दुसरा काढायला चित्रकाराला वेळ झाला नसावा).
"माझी मेंढी हरवली."
शोधून दिली. ती हसली, तांब्याची तीन नाणी दिली,
मान वळवली, पुन्हा माझ्याकडे पाहिलं :
"माझी मेंढी हरवली."
मेंढी तिच्या गुडघ्याला अंग घासत उभी.
त्या रात्री एक्केचाळीस वेळा मेंढी आणली मी.
एक्केचाळिसाव्या वेळीही तिला तितकाच आनंद झाला.
हे कुठल्या रकान्यात लिहायचं कळेना.
नियमाप्रमाणे लिहिलं :
काम पूर्ण होऊनही संपत नाही.

परदेशातून उत्तर आलं मंगळवारी.
मुद्दामच तसं ठेवलंय.
खेळणाऱ्याचे तास वाढतात.

घरी आले तर जिन्याशी मादाम फ्लोआरेया :
"बल्ब गेलाय गं दुसऱ्या मजल्यावरचा."
मागच्या महिन्यातही मीच बदललेला.
स्टूल आणलं, चढले, बदलला.
नाणी नाही मिळाली.
कोबीच्या लोणच्याची बरणी मिळाली, गळकी.

वसंतात गेम बाजारात आला.
शेवटच्या नामावलीत सदतिसाव्या मिनिटाला मी,
"सोरिन" म्हणून. पुरुष.
ही नोंद करायला रकाना उरला नव्हता.

पूर्ण किंमत मोजून विकत घेतला.
ठरवलं, आता फक्त मुख्य कथा.
वेशीवरून सरळ मनोरा. कुणाचं ऐकायचं नाही.
पण हाताला वळण लागलेलं.
मनोऱ्याच्या पहिल्या पायरीशी पोचले तेव्हा
पाठीवर दोनशे बारा कातडी होती.

ओझं जास्त झालं की पळता येत नाही,
हा नियम मीच तपासलाय, चोख चालतो.
टाकून देता आली असती.
खडकामागच्या त्या एकाचीच होती सगळी.

वर आभाळ फाटतंय, घंटा वाजतायत,
राणी ओरडतेय, घाई कर,
सर्प जबडा उघडून ताटकळलाय.
ताटकळू दे, त्याला दुसरं काम काय.
मी चढतेय. पायरी. श्वास. पायरी.
डावा पाय
किंचित ओढत.