खरवसी

शेड-कार्डावर एकशे बारा चौकोन,
प्रत्येकाचं नाव अत्तराच्या बाटलीवर शोभेल असं.
सहारा मिस्ट. ओट मिल्क. ॲन्टिक लिनन.
मी बोट फिरवत गेले, ओठांतल्या ओठांत
माझी नावं ठेवत:
शेंगदाण्याचं फोलपट.
गव्हाचा चीक, दुसऱ्या दिवशीचा.
एकदाही न धुतलेलं मांजरपाट.
सत्त्याण्णववर बोट अडलं.
हा खरवस. गुळाचा.
वेलची जरा जास्त पडलेला.

श्रीरंग, नावात रंग असून
रोज निळ्या मोज्याला काळा जोडणारा,
खिडकीशी गेला, सालमियावरून हात फिरवला.
"बाहेर बघ. इमारती, फुटपाथ, मांजरं,
परवा तोझ उठला तेव्हाचं आभाळसुद्धा.
अख्खा देश ह्याच रंगाचा आहे.
दिनार मोजून तोच घरात आणायचा?"

मला उत्तर कधीच वेळेवर सुचत नाही,
भांडी घासताना सुचतं.
बाहेरचा उडत येतो, दातांत कचकचतो,
फडक्याने पुसला की जातो.
मला न जाणारा हवा होता.
पण तोवर तो घोरायला लागला होता.

मोखलेस शुक्रवारी आला, बारिसालचा,
शिडी लिफ्टमध्ये मावेना म्हणून
चार मजले खांद्यावरून.
पत्र्याने कोपरा खरवडला
तर पांढऱ्याखाली पिस्ता,
मग पांढरा,
मग कुणाच्या तरी मुलीचा गुलाबी,
मग पुन्हा पांढरा.
मी विचारलं, मध्ये मध्ये हा कशाला?
"जाने से पहले सब सफेद करता है, मॅडम."
आणि पत्रा पँटला पुसला.

कलम नऊ. मला पाठ आहे.
जागा सोडताना भिंती पांढऱ्या करून द्याव्यात,
नाहीतर डिपॉझिट विसरा.
हारिसने सही घेताना सगळा करार सोडून
तेवढ्याच ओळीवर नख ठेवलं होतं.
अकरा वर्षं आम्ही खिळासुद्धा ठोकला नाही.

पहिला हात ओला असताना भयंकर दिसला,
गाठी झालेलं पिठलं.
माझा चेहरा बघून मोखलेस म्हणाला, सूखने दो,
आणि पंख्याखाली बसून
डब्यातला भात खाऊ लागला.

साडेचारला ऊन समोरच्या काचांवर आपटून
आमच्या हॉलमध्ये आलं.
श्रीरंग पाण्याचा कॅन घेऊन दारात,
कॅन खाली ठेवायचं विसरलेला.
"काहीतरी आठवतंय," म्हणाला.
"दुधाचं काहीतरी. थरथरणारं.
केळीच्या पानावर द्यायचे, गाय व्याली की…"
मी नाव सांगितलं नाही.
आठवू दे त्याचं त्याला.

डब्यात तळाशी थोडा उरला.
मोखलेसने एक भांडंभर मागून घेतला.
खाटेजवळ एवढीशी भिंत माझी आहे,
म्हणाला, दोन्ही हात फाकवून,
मग जरा जवळ आणून.

रात्री बाकीचा मी घेतला, जुना ब्रश घेतला,
बेडरूममधल्या भिंतीतल्या कपाटाचे कपडे काढले
आणि आत शिरून बसले.
मागची बाजू, कडा, वरचा कप्पा,
जिथे पासपोर्टांची पिशवी असते तोसुद्धा.
करारात भिंती लिहिल्यात.
कपाटाच्या पोटाबद्दल
कुठल्याच कलमात काही नाही.