नापतौल

दाल बाजारात मी दिसले की दुकानदार
आधी चहा सांगतात, मग घाम पुसतात.
नऊ वर्षं काटे तपासतेय.
पारड्याच्या पोटाला चिकटवलेलं चुंबक,
आतून पोखरून लाख भरलेलं किलोचं माप,
हातात घेताच मला कळतं.

आणि आज डॉक्टर भदौरियांच्या टेबलावर
माझी वेणू, चार महिन्यांची,
ग्वाल्हेरच्या जानेवारीत उघडी,
रडून लाल, थंडीनं जांभळी.
आकडा थरथरतो, थरथरतो, थांबतो.
पाच किलो साठ.

माझं लक्ष काट्याच्या बगलेकडे.
मोहोर मागच्या सालची.
म्हटलं, डॉक्टरसाहेब, मुदत संपलीय याची.
ते हसले. मॅडम, रजेवर आहात ना?
आणि तक्त्यावर एक ठिपका दिला
सगळ्यांत खालच्या रेघेला चिकटून.

तिसरा पर्सेंटाइल.
जन्मली तेव्हा पंचविसाव्यावर होती.
म्हणजे शंभर मुली वजनानं ओळीत उभ्या केल्या
तर वेणूच्या मागे दोघीच.
रिक्षात मी त्या दोघींचाच विचार करत होते.
धुक्यात किल्ला नव्हताच. कंपूपर्यंत
कुठे वळलो तेही कळलं नाही.

घरी अळिवाची खीर, डिंकाचे लाडू, शतावरी,
पुन्हा अळिवाची खीर.
सासूबाई काही बोलत नाहीत, फक्त वाटी भरतात.
बोलल्या त्या समोरच्या तोमर चाची:
"दूध पतला होगा तेरा."
चाची, ज्यांच्या दूधवाल्यावर
मीच खटला भरला होता.
आता माझ्याच दुकानावर धाड.
पंच बसलेत, नमुना घेतलाय,
आणि सीलबंद बाटलीत काय आहे
ते मलाच ठाऊक नाही.

रामनिवासला सांगून ऑफिसचा काटा मागवला.
नियमात बसत नाही. मागवला.
रात्री तीनला स्वयंपाकघरात
आधी प्रमाणित वजनं ठेवून तो तपासला,
मग वेणूला ठेवलं. पाजलं. पुन्हा ठेवलं.
पंच्याहत्तर ग्रॅम.

पंच्याहत्तर!
माझ्यातून उठून तिच्यात जाऊन बसलेले.
तिला कडेवर घेऊन
मी बाथरूममधल्या काट्यावर चढले.
पाजण्याआधी दोघी मिळून एकसष्ट होतो,
आत्ताही एकसष्टच.
घरातल्या घरात काय ती देवघेव.
एवढ्यात तिनं माझ्या गाउनवर सू केली
आणि अर्धा हिशेब फरशीवर वाहून गेला.

तो मात्र मी मोजला.
ओली दुपटी, दिवसाला सात, कधी आठ.
वहीत खुणा. वहीच्या कडेला डोकं टेकून झोप.
पहाटे तिचा हात माझ्या बोटाभोवती,
त्याची पकड कुठल्या वर्गात मोडते
याचं कोष्टक आमच्या खात्यात नाही.

पंधरा दिवसांनी पाच किलो तीनशे दहा.
काट्यावर नवी मोहोर. (चला, एक काम झालं.)
ठिपका वर गेला नाही,
रेघेवर रेघेसारखा सरकला.
"अपनी लकीर पकड़ ली है इसने,"
डॉक्टर म्हणाले, आणि पुढचा नंबर पुकारला.

बाहेर बाकावर एक मुलगी, विशीचीही नसेल.
शालीत गुंडाळलेलं काहीतरी छातीशी,
आमच्या वेणूहून हलकं,
ते मला लांबूनच कळलं. हाताला सवय आहे.
"दीदी, आपकी कितने महीने की?"
साढ़े चार.
"और वज़न?"

तिचे डोळे
ज्या काट्यावर चढायचं त्याच्याकडे.
हजीऱ्याहून पायी आली असावी,
चपलांना ओली माती.

मी वेणूची टोपी खाली ओढली.
"कहाँ जी, पाँच की भी नहीं हुई अभी."

तिनं सोडलेला श्वास
थंडीत पांढरा दिसला.

नऊ वर्षांत पहिल्यांदा
मी माप मारलं.