एकविसावा तास

आठवड्याचे वीस तास सरकारचे.
एकविसाव्यापासून मीटर पडतो.
लोसा बोटांवर मोजत धावत येते,
बोटांना अजून खाटीककारखान्याचा गार वास.

इन्व्हरकार्गिलला जूनमध्ये
पाचलाच काळोख.
फाटकाशी फेतू,
एक गमबूट पायात, एक काखेत.
"मी चंद्र केलाय. ओला आहे.
उद्या नेऊ."

उद्या गुरुवार.
गुरुवार आपल्याला परवडत नाही
हे तीन वर्षांच्या माणसाला
कुठल्या भाषेत सांगतात?

भिंतीवर पाच वाजून सात.
ब्रॉनविन वहीत लिहिते: पाच.
काही न बोलता आत जाते,
चंद्र घेऊन येते
जुन्या वर्तमानपत्रात धरून.

घरी पोचेपर्यंत
अर्धा उतरलेला असतो
लोसाच्या बाहीवर.
ती तो कोट
शनिवारीसुद्धा धूत नाही.