उस्त्याच्या पुलाखाली

पुलाशी टेम्पो थांबतो, टपावर पालथी राफ्ट,
आणि उतरतात सहाजण, अजून कोरडे.
मी जॅकेटं वाटतो, पट्टे आवळतो,
ऑगस्टभर दिवसातून दोनदा सांगतो तेच सांगतो:
पडलात तर पाय पुढे, तोंड बंद.
नदीशी वाद घालायचा नाही.
ती इथली, तुम्ही साडेतीन तासांचे.

आज त्यांत एक बाई मिरजेच्या,
कुमुद उपळेकर, वय अडुसष्ट,
टेलिफोन एक्स्चेंजात एकतीस वर्षं.
पोहता येतं? नाही.
मग?
मग काय, पैसे भरलेत.

म्हादई आज उकड्या तांदळाच्या पेजेच्या रंगाची.
वाघेरीचा डोंगर ढगात गळ्यापर्यंत.
पहिल्या उताराला आम्ही सासू म्हणतो,
दुसऱ्याला सर्वानंदाचा दात
(सर्वानंद हसला की कळतं का ते).
पाणी अंगावर येतं, लोक ओरडतात,
बाई ओरडत नाहीत,
ऐकतात.

वळणावर राफ्ट झाडाला बांधतो.
वर कुळागर, सुपारी, जळवा,
भिरंडीच्या सावलीत ती उभी आहे,
गुडघाभर उंच, काळ्या दगडाची,
होडीत.
खाली दगडातच तीन रेघा कोरल्यात, त्या लाटा.
पायाशी म्हैस मान टाकून.
समोर जास्वंद, विझलेली पणती.

किती जुनी? सगळे विचारतात.
पूर्वी आकडा सांगायचो,
पाहुणे खूश दिसले की शंभर वर्षं वाढवून.
आता सांगतो, माहीत नाही.
बाबा सांगायचे, गांज्यापर्यंत होड्या यायच्या,
वर येताना मीठ, परतताना मिरी.
बाबांनी एकही पाहिली नव्हती.
त्यांनी खाणीचा ट्रक चालवला,
नदी त्यांना पुलावरूनच माहीत.

फोटो होतात. एकाची जळू निघत नाही.
कुमुदबाई वाकून बघतात, चष्म्यावर पाणी,
आणि विचारतात,
वल्हं कुणाच्या हातात आहे?

आठ वर्षं आणतोय मी माणसं इथे.
हात मोजले. तलवार. ढाल.
एक म्हशीच्या शिंगावर.
चौथा कोपरापासून तुटलेला.
म्हटलं, त्यात असेल.
म्हणाल्या, नसेलही.
मग दगडाच्या कानाशी तोंड नेऊन
जुन्या सवयीने थांबल्या जराशा.
लाइन बिझी, म्हणाल्या, आणि उतरल्या.

शेवटचा उतार नावाचा नाही,
तिथे कुणालाच नाव ठेवायला वेळ मिळत नाही.
राफ्ट उजवीकडे कलली
आणि डावीकडची जागा रिकामी.

मी शिट्टी फुंकली. सर्वानंदाने दोर फेकला.
पेजेच्या रंगात केशरी ठिपका,
पाय पुढे,
तोंड बंद,
सांगितलं तसं, अक्षरशः तसं.
चाळीस वार गेल्या असतील.
जॅकेटचे पट्टे धरून आत ओढलं तेव्हा
त्यांनी खोकून पाणी टाकलं, आमच्याकडे पाहिलं,
आणि म्हणाल्या, हॅलो.

कुणी हसलं नाही लगेच.
मग सगळेच.

संध्याकाळी वाळपईला
भाजी-पाव खाऊन त्या बसमध्ये बसल्या,
ओली चप्पल पिशवीत,
खिडकीतून एकदा हात.
बस दिसेनाशी झाली तरी
सर्वानंद टपरीशी उभाच होता, चहा गार करत.

दोन दिवसांनी सासूवर एक वल्हं तडकलं.
मालकाला सांगितलं, वाहून गेलं.
ते भिरंडीला टेकवून ठेवलं मी,
पिवळं प्लास्टिक, अर्ध्यातून चीर,
कंपनीचं स्टिकर नखाने खरवडून.

देवीचं करतो तो म्हातारा, धर्मा गावस,
काही बोलला नाही.
पुढच्या खेपेला गेलो तर वल्हं झाडाशी नव्हतं.
तुटलेल्या हाताच्या बाजूला होतं,
सुंभाने बांधलेलं, वर कुंकू.

आता लोक त्याचाही फोटो काढतात.
हे किती जुनं? विचारतात.
मी सांगतो, शनिवारचं.