वीज दाखवणे

निशिकांतची खोली आम्ही तीन वर्षं उघडली नव्हती.
वडाळ्याला, तिसऱ्या मजल्यावर, पश्चिमेला तोंड.
मीटर काढून न्या, हा अर्ज मीच केला होता;
छत्तीस वर्षं वीजबिलांच्या खात्यात काढल्यावर
मसुदा तोंडपाठ असतो:
सदर जागा बंद असल्याने.

लोखंडी कपाटात, शर्टांच्या खाली,
डांबराच्या गोळ्यांना लागून
एक काळी डबी, ग्लुकोजच्या बिस्किटाएवढी.
हलवली तर आत काही वाजत नाही.
पांढऱ्या पट्टीवर त्याचं तिरकं अक्षर:
शांतता, १ ते २१४.

तो डबिंग स्टुडिओत होता.
दोन वाक्यांमधली फट भरायला
त्या त्या जागेची शांतता लागते म्हणे,
एकीची दुसरीला चालत नाही.
म्हणून सुटीच्या दिवशी माइक घेऊन निघायचा
आणि कुणी काही बोलू नये याची वाट बघत बसायचा.
आई म्हणायची, याला पगार देतात तो कशाचा?

लॅमिंग्टन रोडला, जिन्याखालच्या दुकानात
तस्नीमने डबीचं झाकण काढलं.
"यात फिरणारं काही नसतं, मावशी.
विजेचे कण असतात, इवल्या इवल्या कप्प्यांत कोंडलेले.
कुठल्या कप्प्यात किती, त्यावरून अक्षर लागतं.
वीज मिळाली नाही की झिरपतात.
एकदम नाही. झिजलेली डबी असेल तर लवकर,
उकाड्यात आणखी लवकर.
कपाट कुठल्या भिंतीला होतं?"
पश्चिमेच्या, म्हटलं.
तिने एक बारका स्क्रू उचलून चुंबकाला लावला
आणि पुढचं काही विचारलं नाही.

जपून ठेवायचं म्हणजे हात लावायचा नाही,
असं आम्ही शिकलो.
गव्हाला, गाद्यांना, शालूला ऊन दाखवायचं तेवढं.
मी तीन मे महिने ऊनच दाखवत होते तर,
बंद खिडकीमागून,
आणि वीज दाखवायची राहिली.
वीज! माझ्या हातून!

अकरा दिवसांनी फोन आला. एकशे एकोणचाळीस निघाल्या.
माझगाव, गोदीचं कँटीन, पहाटे चार, असं तो म्हणतो,
नाक चोंदलेलं आहे,
मग कुठेतरी नळ ठिबकतो, लांब एक साखळी घासते,
आणि तो श्वास रोखून आहे हे मला कळतं.
शिवडी, खाडीकाठ, ओहोटी. दवाखाना, क्ष-किरण विभाग, रविवार.

अठ्ठ्याऐंशी नंबरला नाव शाबूत होतं:
घर, आई झोपल्यावर.
आत आकडे पळत राहिले, दोन मिनिटं दहा सेकंद,
आणि काहीच नाही.
तस्नीमने कानावरचे हेडफोन काढून मला दिले.
"ही गेलेली आहे, की अशीच आहे? तुम्हीच सांगा."

गेलेली, म्हटलं. आमचा पंखा कुरकुरायचा,
तो तरी ऐकू आला असता.

पोस्टापर्यंत चालत आले तेव्हा आठवलं,
तो रेकॉर्डिंगला पंखा बंद करायचा.
आई घामाने जागी व्हायची आणि विचारायची, लाइट गेले का?
हे विचारणं तरी फाइलमध्ये असायला हवं होतं.
की त्या रात्री ती उठलीच नाही?
मी परत गेले नाही दुकानात. काय सांगणार होते?

आता नवी डबी आहे, आणि एक जुन्या जातीची,
चकती फिरणारी, पोटात गुरगुरणारी, भाचीकडे.
"नुसतं जोडून भागत नाही," तस्नीमने बजावलंय,
"सगळं वाचून काढा, पहिल्यापासून शेवटपर्यंत."
कॅलेंडरवर गॅसच्या नोंदीखाली लिहून ठेवते: निशा, वीज.
दर तिसऱ्या महिन्याला.

काल जोडली. निळा ठिपका लुकलुकायला लागला.
खालच्या मजल्यावर कुणी खोबरं खवत होतं.
पंखा मी आधीच बंद केला होता, कशाला कोण जाणे,
पदराने मान पुसत बसले
वाचून होईपर्यंत.