वेगवेगळ्या हीटच्या दोन

पहिल्यांदा मलाच ऐकू आलं.
टक्. मग जरा थांबून, टक् टक्.
प्रणोतीच्या टेबलाखालच्या डब्यातून,
पाल चुकचुकावी तसं, पण शिस्तीत.
इंदू म्हणाली, पंख्यात काहीतरी अडकलंय.
पंखा नव्हे, म्हटलं.
एकतीस वर्षं उद्यमनगरात
हातोडी मारून कास्टिंग ऐकत आलोय मी.
निरोगी नग घंटेसारखा बोलतो,
तडा असला की मडक्यासारखा.
हे आतलंच दुखणं होतं.

राजारामपुरी, पाचवी गल्ली,
जिन्यानं वर श्रेणिक चौगुलेचं दुकान.
"विश्वासाची दाखव," म्हणालो,
चप्पल लायनीत कापशी मागावी तसं.
त्यानं चार मांडल्या काउंटरवर.
हिला दोन वर्षं वॉरंटी, हिला पाच.
ही नव्या जातीची, आत काही फिरतच नाही,
पटकन उठते, पण जाते तेव्हा
आवाज न करता जाते.
ते मला आवडलं नाही.
जाणाऱ्यानं निदान सांगून जावं.

"वॉरंटीत काय देणार?"
"नवी डिस्क."
"आणि आतलं?"
श्रेणिकनं चष्मा काढून पुसला.
"आतलं तुमचं असतंय, काका."

आतलं म्हणजे
पुराच्या वर्षीचे फोटो, भिंतीवरची चिखलाची रेघ
टेप लावून दाखवलेली, पंचनाम्यासाठी;
इंदूच्या भिशीचा सगळा हिशेब,
कोण कधी चुकलं ते लाल अक्षरात;
कंपनी बंद पडली तरी मी जपलेली
तीन पंपांची ड्रॉइंगं;
आणि चार वर्षांची प्रणोती
"कोल्हापूय" म्हणते, ते नऊ सेकंद.

"खरं सांगू का," श्रेणिक म्हणाला,
"विश्वासाची अशी कुठलीच नसते.
आठवड्याला एक तरी परत येतीया, सगळ्या कंपन्यांची.
एक भारी घेण्यापरास दोन साध्या घ्या."

पोरगा मोल्डिंगला बसला असता तर टिकला असता.

"मग दोन्ही एका खोक्यातल्या देऊ नको."
"का?"
"एका हीटचे नग एकदम फुटतात, बाबा.
तेच लोखंड, तीच वाळू,
रात्रपाळीचा तोच पेंगलेला माणूस.
अठ्ठ्याण्णव साली चाळीस फ्लायव्हील
एकाच आठवड्यात परत आली होती.
सगळ्यांवर माझी सही."
त्यानं खोकी उलटीपालटी केली,
एक फेब्रुवारीची निघाली, एक ऑगस्टची.
ती बारीक अक्षरं आम्ही दोघांनी मिळून लावली,
एक चष्मा त्याचा, एक माझा.

"एक गडहिंग्लजला ठेवू, दादाकडं," इंदू म्हणाली,
"तिथं पाणी चढत नाही."
"आणि वहिनीनं फेकून दिली तर?"
"कोर्टाची कागदं हाईत म्हणून सांगू.
मग कोण हात लावतंय."

रात्रभर जुनी डिस्क टकटकत राहिली,
जमेल तेवढं ओकत.
सकाळी सगळं आलं होतं, एवढंच सोडून.
तीनदा करून बघितलं.
श्रेणिकलाही फोनवर जमलं नाही.

रविवारी तिचे स्क्रू काढले.
आत आरशासारखी तबकडी.
असलं फिनिश आमच्या एकाही मशीनवर
कधी निघालं नव्हतं;
माझ्या नाकपुड्यांतले केस दिसत होते त्यात.
आणि कडेला एक गोल ओरखडा,
केसाएवढा.
"इथं गेली बघ आपली पोरगी," म्हणालो,
आणि म्हटल्यावर कसंतरीच झालं,
पोरगी चांगली पुण्यात नोकरीला आहे.

इंदू मेथी निवडत होती.
मान वर न करता म्हणाली,
"कोल्हापूय."

तोच सूर.
शेवटी जरासा श्वास अडकतो, तोसुद्धा.

"परत म्हण," म्हणालो.

"भाजी करू, का हेच करत बसू?"